गाडी कुठं लेट झाली?

मंगळवार, गुरुवार, शनिवार. आमच्या घराचं कॅलेंडर गेली दीड वर्षं या तीन वारांभोवती फिरतंय. या तीन दिवशी अम्मीचं डायलिसिस असतं, दुपारी बारा ते चारच्या पाळीत. सकाळची शाळा सुटली की मी धावत घरी येते, अम्मी आणि अब्बांना गाडीत घालते आणि बेगम पेठेतून निघते. चारला मशीन सुटते. सुई काढल्यावर दहा मिनिटं कापूस दाबून बसायचं, मग बीपी, मग वजन, मग खाली. सव्वाचार-साडेचारला आम्ही दारात असतो.

सोलापूरचा एप्रिल ज्यांनी पाहिलाय त्यांना साडेचार म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेर चाळीस अंश असतील तर उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत साठीच्या घरात जातं. धडधाकट माणूससुद्धा दार उघडून दोन पावलं मागं सरतो. आणि डायलिसिसनंतर अम्मीचं बीपी खाली आलेलं असतं. शरीरातलं दोन-अडीच लिटर पाणी काढून घेतलेलं, पायात गोळे, तोंडाला कोरड. तिला त्या भट्टीत बसवायचं म्हणजे परत वर न्यायची तयारी ठेवूनच.

म्हणून तर ही गाडी. भाईजान दम्मामला असतात, एका गोदामात. त्यांनी कर्ज काढून गाडी घेतली ती अम्मीसाठी, आणि मुद्दाम वरचं मॉडेल घेतलं. कारण त्यात मोबाइलवरून इंजिन आणि एसी चालू करता येतो. "तू वरून बटण दाब, खाली येईपर्यंत गाडी थंडी," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज असा होता, जसं काही त्यांनी अम्मीसाठी सोलापुरात एक ढगच विकत घेतला होता.

सुरुवातीचे काही महिने तसं झालंही. थंडीचे दिवस होते, एसीची घाई नव्हती, गंमत म्हणून दाबायचं बटण. खरी गरज मार्चपासून सुरू झाली आणि नेमकं तेव्हाच ॲपनं मान टाकली.

एप्रिलमधला एक गुरुवार. अम्मी व्हीलचेअरवर, हॉस्पिटलच्या दारात. मी वरूनच बटण दाबलेलं. पडद्यावर गोल फिरतंय, "विनंतीवर प्रक्रिया सुरू आहे." एक मिनिट. दोन मिनिटं. मग "विनंती अयशस्वी." परत दाबलं, तर "मागील विनंती पूर्ण होईपर्यंत थांबा." माझीच मागची असेल असं मला वाटलं. परत थांबले. अम्मीची मान एका बाजूला कलली, ओठ पांढरे. सिस्टरनं पाय वर उचलायला सांगितले. मी चावी घेऊन बेसमेंटकडे पळाले. मागून अम्मीचा आवाज आला, तेवढ्यातही. "रहने दे बेटा, खिडक्यां खोल दे, बस होता."

त्या रात्री मला त्या ॲपचा एवढा राग आला की काढूनच टाकणार होते. कंपनीचं नाव घेत नाही. ती एकटीच अशी आहे असंही नाही.

आमचे अब्बा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सोलापूर स्टँडवर आयुष्य गेलं. मी रागारागात सगळं सांगितलं, ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेट हुई बोले तो कां लेट हुई, वो बोल."

म्हणजे काय? म्हणजे असं की, पुण्याहून येणारी गाडी सोलापूरला एक तास उशिरा आली तर "गाडी लेट" एवढं बोलून नियंत्रकाचं काम होत नाही. ती पुण्यातूनच उशिरा सुटली, की इंदापूरला थांबली, की टेंभुर्णीला, की मोहोळमध्ये टायर गेला? प्रत्येक स्टँडवर वेळेची नोंद असते, ती बघायची. जिथं फरक पडलाय तिथंच विचारायचं. सगळ्या रस्त्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

मग मी आमच्या "गाडी"चे थांबे शोधायला बसले. आणि पहिल्यांदा कळलं की मला रस्ताच माहीत नव्हता.

माझी समजूत अशी, की मी बटण दाबलं म्हणजे माझा फोन गाडीशी बोलतो. तसं नाही. चावीचं बटण गाडीशी थेट बोलतं, रेडिओच्या लहरीवर, म्हणून ते क्षणात चालतं आणि थोड्याच अंतरावर चालतं. ॲपचा निरोप मात्र फोनमधून इंटरनेटवर जातो, तिथून कंपनीच्या सर्व्हरवर, जो कुठल्या गावात आहे देव जाणे. सर्व्हर तपासतो की ही बाई कोण, हिला परवानगी आहे का. मग तो निरोप मोबाइल कंपनीच्या टॉवरकडे. गाडीत एक डबी असते, तिच्यात स्वतःचं सिमकार्ड असतं. टॉवर त्या डबीला हाक मारतो. डबी गाडीच्या आतल्या यंत्रणेला विचारते: दारं बंद आहेत का, लॉक आहेत का, बॉनेट बंद आहे का, गिअर पार्किंगमध्ये आहे का, बॅटरी पुरेशी आहे का. सगळं ठीक असेल तर इंजिन सुरू. आणि हे झाल्याची खबर त्याच रस्त्यानं उलटी परत माझ्या फोनवर. मी दुसऱ्या मजल्यावर, गाडी माझ्या पायाखाली बेसमेंटमध्ये, आणि निरोप मात्र कुठली कुठली गावं फिरून येणार.

शिवाय ती डबी झोपलेली असते. गाडी बंद केल्यावर तिनं जागं राहायचं म्हटलं तर बॅटरी खाणार. म्हणून ती एक कान उघडा ठेवून झोपते. टॉवरची हाक आली की उठते, नेटवर्क पकडते, मग काम. यातच वीस-तीस सेकंद जातात आणि तो दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ती आणखी गाढ झोपते, कधी हाकेला उठतही नाही. चावीनं एकदा चालू करावी लागते.

हा रस्ता कुठंही तुटू शकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये टेस्लाच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला तेव्हा अनेक देशांतले लोक आपल्याच गाडीशेजारी फोन हातात घेऊन उभे होते, दार उघडेना. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी नेटवर्क बंद झालं आणि कितीतरी जुन्या गाड्यांतल्या डब्या कायमच्या मुक्या झाल्या. गाडी ठणठणीत, हाक मारणारा टॉवरच गेला.

शुक्रवारी अब्बांनी वही काढली. त्यांची ती लांब, निळ्या पुठ्ठ्याची. तीन रकाने आखले: बटण दाबल्याची वेळ, गाडीचे दिवे लुकलुकल्याची वेळ, फोनवर उत्तर आल्याची वेळ. अब्बा गाडीजवळ घड्याळ घेऊन उभे, मी गच्चीवर फोन घेऊन. गल्लीतली पोरं गोळा झाली.

फोनच्या बाजूचे दोष लवकर सापडले. माझा फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲपला मागच्या मागं झोपवत होता, त्यामुळे उत्तर आलं तरी मला दाखवत नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन ॲपवरचं ते बंधन काढलं. दुसरं, हॉस्पिटलच्या वायफायला माझा फोन आपोआप जोडला जायचा आणि त्या वायफायला इंटरनेट असून नसल्यासारखं. तिथं वायफाय बंद करायचं ठरलं. ॲपही जुनं होतं, नवं करून घेतलं.

मग अब्बांच्या वहीत एक मजेशीर गोष्ट दिसली. दोनदा असं झालं की माझ्या फोनवर "अयशस्वी" आलं आणि खाली गाडी मात्र चालू झालेली. निरोप पोचला होता, पोचपावती हरवली होती. मला आठवलं, त्या गुरुवारच्या आधी एकदा मी गाडीत बसले तेव्हा ती अपेक्षेपेक्षा कमी तापलेली वाटली होती. बहुधा तेव्हाही ती सुरू झाली असणार, दहा मिनिटं एसी चालवून आपोआप बंद झाली असणार, आणि मी वर ॲपला शिव्या घालत बसले असणार. फोनवर काय लिहून येतं त्यापेक्षा गाडीचे दिवे काय सांगतात ते खरं.

शनिवारी हॉस्पिटलात तपासलं. बेसमेंटमध्ये माझ्या फोनलाच दांडी नव्हती, गाडीतल्या डबीला कुठून असणार? आणि एक गोष्ट तिथल्या वॉचमननं सांगितली जी मला आधी सुचायला हवी होती. बंद बेसमेंटमध्ये माणूस नसलेल्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं धोक्याचं असतं, धूर कोंडतो. "मॅडम, ते वर कडुलिंबाखाली लावा, मी जागा धरून ठेवतो," म्हणाला. त्या दिवसापासून गाडी वर, झाडाखाली.

आता वहीतले आकडे चांगले दिसायला लागले. घरी उभी असताना बावीस सेकंद, पंचवीस, एकोणीस. पण मंगळवारी, डायलिसिसच्या दिवशी, झाडाखाली, नेटवर्कच्या चार दांड्या असताना, पुन्हा तेच: "मागील विनंती पूर्ण होईपर्यंत थांबा." मी तर अजून एकदाही दाबलं नव्हतं.

अब्बा म्हणाले, "रस्ता खाली है तो गाडी काहे कू रुकी? आगे कोई दूसरी गाडी खडी है."

कस्टमर केअरला फोन केला. त्यांनी सांगितलं, मॅडम, तुम्ही दुसऱ्या क्रमांकाच्या वापरकर्त्या आहात, विनंत्यांची यादी फक्त मालकाच्या फोनवर दिसते. मालक म्हणजे भाईजान. गाडी त्यांच्या नावावर, नंबर त्यांचा. मी त्यांना मेसेज केला, ॲपमधल्या यादीचा फोटो पाठवा. "बघतो," आलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "ड्यूटीवर आहे." तिसऱ्या दिवशी, "ॲप उघडत नाही." मी म्हटलं, कस्टमर केअर तुमच्याकडूनच मागतंय. मग रात्री उशिरा चार फोटो आले, सोबत एक शब्द नाही.

वेळा दम्मामच्या होत्या, आपल्यापेक्षा अडीच तास मागं. मी वहीच्या मागच्या पानावर बेरीज करत गेले. मंगळवार. पहिली नोंद ९:१२, म्हणजे आपले ११:४२. आम्ही घरातून निघतो ती वेळ. "वाहनाचे स्थान विचारले." ११:४७, परत. ११:५१, परत. १२:०५. मग तासात तीन-चार. चारच्या पुढं दर पाच मिनिटांनी. शेवटची ५:०४, आम्ही घरी पोचलो तेव्हा. एका दिवसात चौतीस. गुरुवारी एकोणतीस. त्या एप्रिलच्या गुरुवारी, अम्मी दारात मान टाकून बसलेली असताना, ४:२१ ला एक, ४:२४ ला एक, ४:२६ ला एक.

गाडी एका वेळी एकच विनंती घेते. स्थान विचारणं हीसुद्धा विनंतीच. झोपलेल्या डबीला हाक मारायची, उठवायचं, तिनं आकाशाकडे बघून आपली जागा शोधायची, मग सांगायची. तोवर दुसऱ्यानं रांगेत थांबायचं.

मी फोन लावला. रागातच होते, खोटं कशाला बोलू. म्हटलं, भाईजान, अम्मी उन्हात बसलेली होती आणि गाडी तुमच्यामुळे सुरू होत नव्हती. पलीकडे बराच वेळ काही नाही. गोदामातला कसला तरी आवाज. मग म्हणाले, "मेरे कू क्या मालूम छोटी, मैं तो खाली नक्शा देख रा था."

त्यांना खरंच वाटत होतं की नुसतं बघण्यानं काही होत नाही. आणि मलाही आधी कुणी विचारलं असतं तर मी हेच म्हटलं असतं.

फोन का नाही करायचा मग? हा प्रश्न माझ्या ओठावर होता आणि तिथंच थांबला. कारण उत्तर मला माहीत होतं. पहिल्या महिन्यांत ते दर तासाला फोन करायचे. पोचली का? सुई लागली का? बीपी किती? अम्मीच्या एका हातात सुया, दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा, तिला फोन घेता यायचा नाही, मग सगळे माझ्याकडे. एके दिवशी मी चिडून म्हणाले होते, इथं मी एकटी धावपळ करते, तुमचे फोन घेऊ की अम्मीकडे बघू? घरी पोचले की मीच करत जाईन. त्यानंतर त्यांनी दुपारचा फोन कधी केला नाही. मी सुटले असं मला वाटलं होतं. करते म्हणाले होते खरी, पण संध्याकाळी दमून झोपून जायचे, कधी रात्री दहाला मेसेज टाकायचे, "सब ठीक."

ते मग नकाशावरच्या ठिपक्यावर आले. ठिपका हलला म्हणजे निघाले. ठिपका हॉस्पिटलवर थांबला म्हणजे सुई लागली असेल. ठिपका बेगम पेठेत आला म्हणजे अम्मी घरी. त्यांनी नंतर सांगितलं की मंगळवार-गुरुवारी ते अडीच वाजता जेवायचे. अडीच म्हणजे आपले पाच.

यात आणखी एक गोष्ट निघाली. गाडी आठवड्यातले चार दिवस गल्लीत उभी, चालते ती पाच-सहा किलोमीटर, आणि विचारपूस रोजची. गॅरेजवाल्यानं मीटर लावला. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आमची १२.१. एवढी उतरलेली असेल तर डबी स्वतःला वाचवते आणि दुरून इंजिन सुरू करायला नकार देऊ शकते. त्यानं बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली आणि सांगितलं, रविवारी जरा लांब चक्कर मारत जा. तेव्हापासून आम्ही रविवारी अक्कलकोट रोडनं अर्धा-पाऊण तास जाऊन येतो. अम्मीला हे सगळ्यात आवडलंय. वाटेत तिला शेंगाचटणी घ्यायची असते, जी तिनं खायची नसते.

भाईजानना बघू नका असं मी म्हणाले नाही. म्हणता आलं नसतं. तोडगा अब्बांनी काढला. ते म्हणाले, स्टँडवरनं स्टँडला कळवायची मला चाळीस वर्षांची सवय आहे, हे माझ्यावर सोडा. तोवर हॉस्पिटलात अब्बा नुसते बाकावर बसून तसबीह फिरवायचे, आपलं इथं काय काम असा चेहरा करून. आता त्यांच्याकडे काम आहे. व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायला मी शिकवलं, दोन दिवसांत शिकले. निघाल्यावर एक. सुई लागल्यावर एक, त्यात बीपी आणि वजन. दोन वाजता एक, अम्मी झोपली की जागी. मशीन सुटल्यावर एक. घरी पोचल्यावर शेवटचा, आणि त्यात अम्मीला स्वतः दोन शब्द बोलायला लावतात. ते स्वतः ऐकलेत का तुम्ही कधी जुन्या एसटी नियंत्रकांना? अगदी तसंच: "सोला-पूर. बारा वाजून अकरा मिनिटं. सुई लगी. बीपी एकशे चाळीस, नव्वद." भाईजान म्हणतात, ते गोदामातल्या दोन-तीन जणांना ऐकवतात.

त्या बदल्यात भाईजाननी कबूल केलंय की चार ते पाच गाडीला हात लावायचा नाही. पूर्ण पाळतात असं नाही. मागच्या आठवड्यात एकदा "मागील विनंती" आलं. मी काही बोलले नाही. चाळीस सेकंद थांबले, परत दाबलं.

माझं आता असं ठरलंय: मशीन सुटून कापूस दाबायला घेतला की लगेच नाही दाबायचं, कारण दहा मिनिटांनी इंजिन बंद होतं आणि आम्ही अजून वजनकाट्यावर असतो. वजन झालं की दाबायचं. वरच्या खिडकीतून कडुलिंब दिसतो, तिथून दिवे लुकलुकताना दिसतात. फोनकडे मी बघतच नाही. आणि चावी खिशात असते, कारण ॲप आज नाही तर उद्या परत रुसेल.

परवा शनिवारी तेवीस सेकंद लागले. अब्बांनी वहीत लिहिलं: दाबले ४:१८, दिवे ४:१८, गाडी सुटली ४:२९, बेगम पेठ ४:५१. आणि शेवटच्या रकान्यात, जो त्यांनी स्वतःच नवा आखलाय, दम्मामला कळवले ४:५२.